तुटलेला तुकडा दारात आणून टाकणारं कुणीतरी हवं

एम.टेक.ला डिझाइन घेतलेल्या एका मुलीने विचारलंय: फ्रॅक्चर मेकॅनिक्समध्ये (भेगा कशा वाढतात आणि वस्तू का तुटतात याच्या शास्त्रात) पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचं मनात आहे. पण गाइड म्हणतात, या विषयातलं मोठं काम १९७० च्या आतच उरकलं, आता सगळं सॉफ्टवेअर करतं, त्यापेक्षा मशीन लर्निंग घे. घरचे म्हणतात, कंपनीत जा. एका भेगेमागे अख्खं आयुष्य घालवण्यात काय हशील?

वयाने माझ्या मुलीएवढी असशील, म्हणून ‘तू’ म्हणतो. पुण्याजवळच्या एका फोर्जिंग शॉपमध्ये चार वर्षं काढून मी पुन्हा शिकायला गेलो आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षं हाच विषय शिकवला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. तरी घरी जिन्याखाली तुटलेल्या शाफ्टचे, स्प्रिंगच्या पाट्यांचे आणि बोल्टांचे एवढे तुकडे साठलेत की भंगारवाला दर महिन्याला आशेने डोकावून जातो.

तुझ्या गाइडचं अर्धं बरोबर आहे. ग्रिफिथ १९२०, आयर्विन १९५७, पॅरिस १९६१, राइस १९६८ एवढी चार नावं फळ्यावर लिहिली की पदव्युत्तर वर्गाचा निम्म्याहून जास्त अभ्यासक्रम त्यात बसतो. पण ही माणसं समीकरणं शोधायला म्हणून घराबाहेर पडली नव्हती. कुठेतरी काहीतरी तुटलं होतं, आणि का तुटलं हे कुणालाच सांगता येत नव्हतं. आमच्या विषयात प्राध्यापकाचं करिअर कसं जाईल हे त्याच्या डिग्रीवर फारसं ठरत नाही. तुटलेला तुकडा त्याच्या दारात कोण आणून टाकतो, आणि तो तुकडा हातात घेऊन हा काय बोलतो, यावर ठरतं.

जॉर्ज आयर्विनचं उदाहरण घे. (सांगलीच्या आयर्विन पुलाशी याचा संबंध नाही, तो व्हाइसरॉय वेगळा.) १९०७ साली टेक्ससमधल्या एल पासो गावी जन्म. पहिली पदवी चक्क इंग्रजीची, इलिनॉयमधल्या नॉक्स कॉलेजची. मग गडी फिजिक्सकडे वळला, १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीत नोकरीला लागला. काम काय, तर गोळा चिलखती पत्र्यात कसा घुसतो ते मोजायचं. एखादा पत्रा गोळ्याला भोक पाडू देतो, पण भोकापुरताच फाटतो. दुसरा, कागदावर त्याच्याइतकाच ताकदवान, काचेसारखा तडकतो. ताकद सारखी असूनही असं का होतं, याचं उत्तर त्या काळच्या पुस्तकांत नव्हतं.

तेवढ्यात जहाजं तुटायला लागली. १६ जानेवारी १९४३ ला स्केनेक्टडी नावाचं कोरं टँकर जहाज अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या धक्क्याला, शांत पाण्यात, उभ्या उभ्या मधोमध दुभंगलं. वादळ नाही, टॉर्पेडो नाही, थंडी मात्र होती. पूर्वी पत्रे रिव्हेट मारून जोडायचे तेव्हा एका पत्र्यातली भेग त्याच्या कडेला येऊन थांबायची. सगळं जहाज वेल्डिंगने एकसंध झाल्यावर तिला थांबायला जागाच उरली नाही.

ग्रिफिथने इंग्लंडमध्ये फार्नबरोला काचेवर प्रयोग करून जे दाखवलं होतं ते असं: भेग पुढे सरकायला ऊर्जा खर्च होते, आणि ती ताणलेल्या काचेत साठलेल्या ऊर्जेतून भागवली जाते. भेग आखूड असेपर्यंत खर्च जास्त, मिळकत कमी. एका ठराविक लांबीनंतर मिळकत वरचढ होते, आणि मग भेग कुणाचंच ऐकत नाही. काचेला हा हिशोब लागू पडायचा, पोलादाला जुळायचा नाही. पोलादात भेगेच्या टोकाशी धातू आधी कायमचा ओढला जातो आणि त्यात जिरणारी ऊर्जा काचेतल्या खर्चाच्या कितीतरी पट असते. आयर्विनने हा सगळा खर्च एकाच खात्यात टाकला. (ओरोवाननेही स्वतंत्रपणे तेच सुचवलं.) पुढे १९५७ मध्ये त्याने भेगेच्या टोकाजवळचा सगळा ताण एकाच आकड्यात बांधला. तो आपला ‘के’. हे अक्षर त्याचा सहकारी कीज याच्या नावावरून आलं, आणि ऊर्जेचा ‘जी’ ग्रिफिथवरून. सहकाऱ्याचं नाव स्वतःच्या समीकरणात घालणारा बॉस मला माझ्या सगळ्या नोकरीत एकदाही भेटला नाही, हे जाता जाता.

आता मुद्द्याची गोष्ट. हा माणूस पूर्ण वेळ प्राध्यापक झाला तो १९६७ मध्ये, साठाव्या वर्षी, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर! आपल्याकडे ज्या वयात शाल-श्रीफळ देऊन माणसाला घरी बसवतात, त्या वयात तो लीहाय विद्यापीठात रुजू झाला. १९७२ मध्ये तिथून मेरीलँडला गेला आणि म्हातारपणीही काम करत राहिला. १९९८ मध्ये गेला तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचा होता.

त्याच १९६७ च्या डिसेंबरातला एक आठवडा मी दर वर्षी वर्गात सांगायचो. ११ तारखेला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मी चार वर्षांचा होतो, आम्ही कराडला राहायचो. आईने मला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं आणि गोठ्यातली म्हैस दावं तोडून आमच्याआधी बाहेर आली होती, एवढंच आठवतं. धरण १०३ मीटर उंच. पायापासून साधारण ६६ मीटरवर, जिथे त्याच्या मागच्या अंगाचा उतार एकदम बदलतो, तिथे त्याला आडव्या भेगा गेल्या. धरण तगलं. पण अमेरिकेतल्या लोकांनी सत्तरच्या दशकात त्याचं गणित मांडलं, आणि तेव्हापासून काँक्रीटच्या धरणात भेग कशी जाते हे तपासायचं तर आधी कोयना सोडवून दाखवा, असा जगभराचा रिवाज पडला. चिनी, इराणी, कॅनडाचे पेपर उघड, कोयना सापडेल. तुझे गाइड ज्या सॉफ्टवेअरचं नाव घेतात, त्यातल्या एका नावाजलेल्या पॅकेजच्या उदाहरणसंग्रहातही कोयनेचं धरण आहे. आपल्या पाटण तालुक्यातलं ते धरण, आणि भूकंपात ते का तडकलं हे मला परदेशी माणसाच्या पेपरातून शिकावं लागलं, याची मला बरीच वर्षं लाज वाटत होती.

आणि त्याच आठवड्यात, १५ तारखेला संध्याकाळच्या वाहतुकीत, अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला. ४६ माणसं गेली. १९२८ सालचा पूल. सायकलच्या चेनसारख्या पट्ट्यांच्या साखळीवर टांगलेला, आणि प्रत्येक कडीत दोनच पट्ट्या. त्यातल्या एका पट्टीच्या टोकाला, पिन जाते त्या भोकाच्या कडेला, जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग होती, पिनेच्या आड, जिथे डोळ्याने कुणाला दिसलीच नसती. एक पट्टी तुटली, दुसरीला एकटीला पेलवेना, मिनिटभरात सगळा पूल नदीत.

एक भेग १०३ मीटर उंच धरणाला, दुसरी नखाएवढ्या कोपऱ्यात. पहिली दिसत होती आणि धरण उभं राहिलं. दुसरी दिसत नव्हती आणि पूल गेला. किती मोठी भेग चालते आणि किती लहान चालत नाही, हाच प्रश्न आम्ही आयुष्यभर सोडवत बसतो.

त्याचं साधं गणित करून दाखवतो, कारण याशिवाय बाकीचं पटायचं नाही. मोठ्या पत्र्याच्या मध्यभागी आरपार भेग आहे असं समज. ‘के’ म्हणजे ताण गुणिले पाय (३.१४) आणि भेगेच्या निम्म्या लांबीच्या गुणाकाराचं वर्गमूळ. एक पोलाद घे कडक, ताकदवान: चिवटपणा, म्हणजे ‘के’ कितीवर गेला की ते तुटतं तो आकडा, ६० मेगापास्कल-वर्गमूळ मीटर, आणि ताकद आहे म्हणून डिझायनरने त्याच्यावर ६०० मेगापास्कल ताण टाकलाय. भेग ६.४ मिलिमीटर लांब झाली की खेळ खलास. दुसरं पोलाद घे मऊ: चिवटपणा १५०, ताण १५०. इथे भेग ६४ सेंटिमीटरपर्यंत चालते. मिलिमीटर आणि सेंटिमीटर नीट वाच. शंभरपट फरक आहे. आणि कारखान्यात काही तुटलं की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: “सर, याच्यापेक्षा हार्ड मटेरियल सांगा.”

दुसरा आकडा मात्र ढोबळ अंदाज म्हणूनच घ्यायचा. मऊ पोलादात टोकाशी धातू इतका ओढला जातो की ‘के’चा हिशोब तिथे पुरता टिकत नाही. म्हणून तर राइसने १९६८ मध्ये तिथेही चालणारं ‘जे’ हे माप काढलं, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. (रशियात चेरेपानोव्हने तेच आदल्या वर्षी काढलं होतं.) राइसही मूळचा लीहायचाच, १९६४ ची पीएच.डी. तो पुढे ब्राउनला, मग हार्वर्डला गेला, आणि त्याने भूकंपाचा अभ्यास धरला. मिलिमीटरची भेग सोडून किलोमीटरची घेतली, म्हण ना. एका भेगेमागे आयुष्य जाईल अशी जी तुला भीती वाटते, ती राइसकडे पाहिलं की कमी होईल. विषय अरुंद दिसतो. काच, विमान, हाड, धरण, जमिनीतला प्रस्तर, सगळीकडे तोच लागतो.

आता माझी स्वतःची गोष्ट. ही मी वर्गात सांगत नसे, पण तुला सांगतो, कारण तू प्राध्यापक व्हायचं म्हणतेस.

नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका साखर कारखान्याकडून निरोप आला की ऐन गळीत हंगामात मिलच्या रोलरचा शाफ्ट तुटला. चारशे मिलिमीटर जाडीचा फोर्जिंगचा शाफ्ट, त्यावर ओतीव लोखंडाचं शेल गरम करून चढवलेलं. मी एस.टी.ने गेलो. चीफ इंजिनिअरनी चहा पाजला आणि कौतुकाने तुकडे दाखवायला नेलं. दोन्ही तुकडे लखलखत होते. साहेब येणार म्हणून पोरांनी रॉकेल टाकून वायर ब्रशने घासून ठेवले होते. वर आणखी आदरातिथ्य म्हणून चेन ब्लॉक लावून त्यांनी दोन तुकडे एकमेकांना भिडवूनही दाखवले, “बघा सर, कसं बरोब्बर बसतं.” धातूवर धातू घासल्याचा तो करकर आवाज अजून कानात आहे.

तुटलेल्या पृष्ठभागावर सगळा इतिहास लिहिलेला असतो. जुनी भेग असेल तिथे गंज आणि काळपटपणा, कारण रस आणि बगॅस (उसाचा चोथा) तिथे महिनोन् महिने मुरत राहतो. भेग थांबत थांबत गेली असेल तर ओहोटीला वाळूवर उमटतात तशा रेषा, एकात एक, आणि त्यांच्या कमानींचं केंद्र शोधलं की भेग कुठून निघाली तो बिंदू. शेवटचा भाग जो एका क्षणात तुटला, तो खरखरीत आणि चमकदार. तो लहान असेल तर समजायचं की भार फारसा नव्हता, भेगच फार आत शिरली होती. मोठा असेल तर उलट. माझ्यासमोर मात्र सगळंच सारखं चमकत होतं. मी तरुण होतो, हात हलवत परत जायची लाज वाटली. मी रिपोर्ट दिला: अतिभारामुळे तुटला, मिलमध्ये लोखंडाचा तुकडा गेला असावा. मिल हाउसमधल्या शिफ्टच्या माणसावर ठपका आला आणि त्याची वेतनवाढ रोखली गेली.

पुढच्या हंगामात दुसरा शाफ्ट तुटला. या वेळी मी फोनवरच ओरडलो, हात लावू नका, कापडात गुंडाळून ठेवा. जाऊन पाहतो तो रेषा अगदी पुस्तकातल्यासारख्या. सगळ्या कमानी जर्नलच्या (शाफ्टचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) फिलेटपाशी, म्हणजे जाडी जिथे गोलाईने बदलते तिथे, एका ठिकाणी येत होत्या, आणि तिथे झिजलेलं जर्नल वेल्डिंगने भरून पुन्हा टर्निंग केल्याची खूण होती. दोन्ही शाफ्टना एकाच उन्हाळ्यात तेच केलं होतं. हा रोलर मिनिटाला चार फेरे फिरतो. प्रत्येक फेऱ्यात पृष्ठभागाचा प्रत्येक बिंदू एकदा ताणला जातो, एकदा दाबला जातो. दीडशे दिवसांच्या हंगामात ८ लाख ६४ हजार वेळा. वेल्डिंगच्या कडेच्या केसाएवढ्या फटीला तेवढी संधी पुष्कळ झाली.

मी दुसरा रिपोर्ट लिहिला आणि पहिला चुकल्याचं पहिल्याच ओळीत लिहिलं. वेल्डिंग कुणी करायला सांगितलं होतं ते मात्र कागदावर कुठेच नव्हतं. त्या शिफ्टच्या माणसाची वेतनवाढ परत मिळाली की नाही, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

म्हणून सांगतो, सॉफ्टवेअर चांगलंच आहे. माझ्या शेवटच्या पीएच.डी.वाल्याने गणितासाठी आखलेली जाळी न बदलता भेग वाढवायची पद्धत वापरून तीन महिन्यांत जे केलं, त्याला मला तीन वर्षं लागली असती. पण भेग कुठे आहे, ती केवढी आहे आणि त्या जागी वेल्डिंगने आधीच किती ताण कोंडून ठेवलाय, हे तू सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. मशीन लर्निंगचंही तेच. त्याला शिकवायला जो डेटा लागेल तो कुणीतरी अशाच तुकड्यांवरून आणि अशाच टेस्टमधून काढलेला असणार.

टेस्टबद्दल तर बोलायलाच हवं, कारण पीएच.डी.ची तीन वर्षं तिथेच जातील. वायर-कटने खाच पाडलेला नमुना मशीनवर चढवायचा, आधी हलक्या भाराने खरी भेग सुरू करून घ्यायची, मग ती मोजत बसायचं. भेग अगदी हळू वाढत असते तेव्हा एका फेऱ्यात एका मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाने पुढे जाते. सेकंदाला दहा फेरे धरले तर दहा लाख फेऱ्यांना अठ्ठावीस तास लागतात आणि भेग सरकते एक दशांश मिलिमीटर. रात्रभर हायड्रॉलिक पंपाचा घोंगाट, चिलरचं पाणी आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप. माझा एक विद्यार्थी लॅबमध्येच सतरंजी टाकून झोपायचा.

त्याचीच एक गंमत. भारनियमनाच्या त्या वर्षांत वीज जाताना मशीनचा हात हिसका द्यायचा. पोराला वाटायचं, मोठा झटका बसला, आता भेग भसकन पुढे जाणार. तर होई उलटंच: वीज आली, टेस्ट पुन्हा सुरू केली, की भेग तासन् तास रुसून बसायची. झटक्यामुळे टोकाशी धातू जास्त ओढला जातो, भार उतरल्यावर तोच ओढलेला धातू भेगेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतो, आणि तिथून बाहेर पडेपर्यंत ती हळूच चालते. भेग ताणाखाली असतानाही मिटलेली राहते हे एल्बरने १९७० मध्ये दाखवून ठेवलंय. पोराने पेपर वाचला होता, पण विश्वास बसला तो महावितरणच्या कृपेने. त्याच्या थिसिसचा चौथा चॅप्टर त्या हिसक्यांवर आहे.

घरच्यांचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे: कंपनीत जा. जा, पण परत ये. पॉल पॅरिस सिएटलला विद्यापीठात शिकवायचा आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या बोइंगमध्ये काढायचा. कॉमेट विमानं हवेत फुटल्यानंतरचा तो काळ. (२ मे १९५३ ला कलकत्त्याहून उडालेलं कॉमेट वादळात मोडलं, ४३ माणसं गेली, १९५४ मध्ये आणखी दोन भूमध्य समुद्रात कोसळली. ती धातू थकल्यामुळे फुटली होती, हे फार्नबरोला अख्खं विमान पाण्याच्या टाकीत घालून दाखवलं गेलं. फार्नबरोला, जिथे ग्रिफिथने काच तोडली होती!) पॅरिसने मांडलं की थकव्याने वाढणाऱ्या भेगेचा वेग एका फेऱ्यात ‘के’ किती वरखाली होतो त्यावर ठरतो. आज हे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. तेव्हा तीन जर्नलांनी पेपर परत पाठवला. शेवटी १९६१ मध्ये तो त्याच्याच विद्यापीठाच्या एका छोट्या नियतकालिकात छापून आला. हा वेग त्या चढउताराच्या एका ठराविक घाताने वाढतो, पोलादासाठी तो घात साधारण तीन येतो, म्हणजे ताण नुसता १० टक्क्यांनी वाढवला तर भेगेचा वेग ३३ टक्क्यांनी वाढतो. ऊस जास्त आलाय म्हणून मिलवरचा दाब ‘थोडासा’ वाढवणाऱ्या चीफ इंजिनिअरला मी हाच आकडा सांगायचो. तीन जर्नलं नाही म्हणाली तरी पॅरिसला स्वतःचं खरं वाटत राहिलं, त्याचं कारण मला तरी बोइंगच्या त्या सुट्ट्यांत दिसतं. पत्र्यातली भेग त्याने पाहिली होती.

पगारापाण्याचं उरकून टाकतो. केंद्रीय संस्थेत पीएच.डी.ला पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि पुढे ४२ हजार मिळतात. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं, आयआयटीत त्याहून बरंच जास्त. पण जागा निघतात कुठे? बरीच मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं काढतात, आणि खासगी कॉलेजात तर ऍडमिशनच्या हंगामात प्राध्यापकांना गावोगाव बारावीच्या मुलांच्या घरी पाठवतात. नॅक आणि एनबीए या कॉलेजांना मानांकन देणाऱ्या संस्थांच्या फायली भरण्यात माझी वर्षाची दोन महिन्यांहून जास्त कामाची वेळ जायची. याबद्दल कुणी गोड बोललं तर विश्वास ठेवू नकोस.

त्यापेक्षा दुसरी एक गोष्ट अवघड जाते, आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. नाव झालं की तुटलेले तुकडे विम्याच्या सर्व्हेअरबरोबर यायला लागतात. मग प्रत्येकाला त्याचं उत्तर हवं असतं. कारखान्याला हवं असतं ‘मटेरियल डिफेक्ट’, पुरवठादाराला हवा असतो ‘गैरवापर’, विमा कंपनीला हवी असते ‘देखभालीत हलगर्जी’. तिघंही चहा पाजतात, तिघंही तुझ्या लॅबला एखादं मशीन द्यायची भाषा करतात. एकदा एका लिफ्टच्या वायररोपच्या सॉकेटवरून रिपोर्ट दिल्यावर मला वर्षभर त्या मंडळींकडून एकही काम आलं नाही. साखर कारखान्याचा तो पहिला रिपोर्ट आठवायचा, म्हणून ते वर्ष निभावलं.

शिकवणं मात्र मला आवडलं, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत. पहिल्या तासाला मी कापड घेऊन जायचो, दोन मीटर मांजरपाट. आधी वर्गातल्या सगळ्यात धिप्पाड मुलाला फाडायला सांगायचो. त्याला जमायचं नाही. मग कडेला कात्रीने बोटाच्या पेराएवढी चीर द्यायची आणि पहिल्या बाकावरच्या सगळ्यात किरकोळ मुलीच्या हातात द्यायचं. टर्रर्र. कापडदुकानदाराला जे पिढ्यान् पिढ्या माहीत आहे ते ग्रिफिथने समीकरणात मांडलं, असं म्हणून मी फळ्याकडे वळायचो, आणि पुढचा पाऊण तास कुणी मोबाइल काढायचं नाही.

तर पीएच.डी. घे, पण गाइड निवडताना एक गोष्ट बघ: त्यांच्या लॅबमध्ये बाहेरून आलेले तुटलेले तुकडे आहेत का, की सगळे नमुने नवे कोरे, मशीनमध्ये बसतील असेच आहेत. दुसऱ्या प्रकारच्या लॅबमधून पेपर जास्त निघतात, हेही सांगून ठेवतो. निवड तुझी.

आणि अर्ज भरण्याआधी मे महिन्यात एकदा कुठल्याही साखर कारखान्यात जा. हंगाम संपलेला असतो, रोलर उघडून बाहेर काढलेले असतात, मेंटेनन्सवाल्यांना वेळ असतो. मिल हाउसच्या मागे भंगाराचा ढीग असेल. दहापट मोठं दिसणारं भिंग आणि टॉर्च घेऊन जा, टॉर्च आडवी धर, म्हणजे रेषा उठून दिसतात. तुकडा सापडला तर पुसायला रुमाल काढू नकोस. आणि दोन तुकडे सापडले, तर जुळवून बघायचा मोह होईल, तो आवर.